भाज्या आणि चिकनचं हलकं स्टार्टर घरी करताना: मसाल्याआधी पाण्याचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रविवारी संध्याकाळी दहा-बारा माणसं जेवायला येणार आहेत, तांबडा-पांढरा रस्सा ठरलेला आहे, आणि त्याआधी हातात धरून खाता येईल असं भाज्या आणि चिकनचं काहीतरी हलकं हवंय. तळायचं नाही, ओव्हन नाही, अर्ध्या तासाच्या वर गॅसपाशी उभं राहायचं नाही. मागच्या खेपेला चिकन आणि सिमला मिरची एकत्र परतायला घेतलीत आणि कढईत इतकं पाणी सुटलं की शेवटी ती भाजी म्हणून पोळीबरोबर वाढावी लागली. शिवाय सासूबाई आणि आणखी दोघं शाकाहारी.

मी घरगुती समारंभांची जेवणं करून देते. ओटा दुसऱ्याचा, शेगडी दुसऱ्याची, भांडीही बऱ्याचदा त्यांचीच. त्यामुळे हॉटेलच्या भट्टीवर काय होतं यापेक्षा घरच्या दोन बर्नरवर काय जमतं हे मला जास्त ठाऊक आहे. तुम्हाला सुचवते तो पदार्थ म्हणजे कोबीच्या पानाच्या वाटीत भरलेला चिकन आणि भाज्यांचा कोरडा हिरवा खिमा. कृती अवघड नाही. पण आधी पाण्याचं बोलू, कारण मागच्या वेळी घोटाळा केला तो पाण्यानेच. मसाला बिचारा निर्दोष होता.

सिमला मिरची, कोबी, गाजर, मशरूम यांत वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. कच्च्या चिकनमध्येही साधारण तीन चतुर्थांश पाणी. चिकन तापायला लागलं की त्यातली प्रथिनं आखडतात आणि आतलं पाणी बाहेर ढकलतात. भाजीला मीठ लागलं की तीही पाणी सोडते. हे सगळं एकाच कढईत, एकाच वेळी आणि मध्यम आचेवर झालं, तर कढईत पाणी साचतं. पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या वर सरकत नाही. मांसाला खमंग तपकिरी रंग यायला साधारण 140 अंश आणि त्याहून जास्त लागतात. म्हणजे तुम्ही परतत आहात असं तुम्हाला वाटतं, प्रत्यक्षात चिकन उकडत असतं. करड्या रंगाचं, चिवट, वासाला कच्चट. भाज्या तोवर लिबलिबीत झालेल्या असतात आणि तळाशी हिरवट-पिवळं पाणी.

त्यात ‘हलकं’ करायचं म्हणून आपण तेल कमी घालतो. इथे माझं मत बऱ्याच जणींपेक्षा वेगळं आहे. तेल तव्याची उष्णता चिकनच्या प्रत्येक कणापर्यंत पोचवतं. ते अगदीच नसेल तर खिमा तव्याला चिकटतो, आपण आच कमी करतो आणि मग पाणी सुटतंच. आज सांगते त्या पूर्ण कृतीला अडीच मोठे चमचे तेल लागतं, म्हणजे 35 ग्रॅमच्या आतबाहेर. बारा माणसांत माणशी तीन ग्रॅम. एका तळलेल्या कटलेटमध्ये याहून जास्त तेल सहज मुरतं. तेव्हा या अडीच चमच्यांत काटकसर करू नका.

म्हणून नियम एकच: भाज्या वेगळ्या परतायच्या, खिमा वेगळा परतायचा, दोघांची गाठ शेवटच्या दोन मिनिटांत घालून द्यायची. तुमच्या घरी याचा आणखी एक फायदा आहे. भाज्या आधी होत असल्यामुळे, चिकन तव्यावर यायच्या आत शाकाहारी मंडळींचा वाटा बाजूला निघतो. त्यांच्यासाठी वेगळा पदार्थ रांधायची गरज उरत नाही. काही घरांत तवाही वेगळा लागतो, ते आधी विचारून ठेवा. ऐनवेळी ओट्यापाशी हा विषय निघणं बरं नाही.

आता खरेदी. अर्धा किलो बोनलेस चिकन घ्या, त्यात मांडीचं मांस निम्म्याहून जास्त. नुसत्या छातीच्या मांसाचा खिमा स्वस्थपणे खाता येत नाही, घशाला कोरडा लागतो. मांडीत थोडी चरबी असते, तीच ओलसरपणा टिकवते. खाटकाकडे मशीन असेल तर खिमा एकदाच फिरवायला सांगा. दोनदा फिरवलेला खिमा पिठासारखा होतो. तो कबाबाला चांगला, इथे उपयोगाचा नाही. आधीच दळून काचेत मांडलेला खिमा घेऊ नका. तो कधीचा आहे कळत नाही आणि त्यात कातडी किती गेली तेही कळत नाही.

सगळ्यात उत्तम म्हणजे घरीच चिरणं. मांडीचे बोनलेस तुकडे ताटलीत पसरून वीस-पंचवीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. गोठवायचे नाहीत, जरा कडक होऊ द्यायचे. मग जड सुरीने आधी पट्ट्या, मग आडवे काप, मग चार-पाच वेळा वरून टोच्या मारल्यासारखं चिरून घ्या. चण्याच्या डाळीपेक्षा थोडे मोठे कण राहिले पाहिजेत. पाट्यावरच्या किंवा मिक्सरमधल्या खिम्याला ही दाताखालची मजा नसते.

धुण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण खिमा ओला होतो तो इथेच. आपल्याकडे चिकन न धुता शिजवणं कुणाला पटत नाही. खरं तर कच्चं चिकन नळाखाली धुतलं की त्यावरचे जंतू शिंतोड्यांबरोबर बेसिनभर पसरतात, म्हणून अन्नसुरक्षेचे तज्ज्ञ धुवू नका असंच सांगतात. तरी ज्यांना चैन पडत नाही त्यांनी अख्खे तुकडे पातेल्यात हलक्या हाताने धुवावेत, बेसिन नंतर साबणाने घासावं, आणि तुकडे पंच्यात दाबून कोरडे करून मगच चिरावेत. खिमा झाल्यावर मात्र धुवू नका. खिम्याच्या कणाकणात पाणी अडकतं आणि चाळणीत तासभर ठेवलं तरी निथळत नाही. बाजारातून आणलेला खिमा धुतला गेलाच असेल, तर स्वच्छ फडक्यात बांधून घट्ट पिळा, श्रीखंडाचा चक्का पिळतात तसा.

कोरड्या खिम्याला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर, एक छोटा चमचा तेल आणि पाव छोटा चमचा खायचा सोडा हलक्या हाताने लावून पंधरा मिनिटं ठेवा. सोड्यामुळे प्रथिनं कमी आखडतात, त्यामुळे पाणी आतच राहतं. कॉर्नफ्लोअरचा पातळ थर सुटलेला रस धरून ठेवतो. सोडा याहून जास्त झाला तर साबणासारखी चव येते, तेव्हा अंदाजाने नको, मोजून घाला. मीठ या वेळी लावू नका. मीठ लावून खिमा मळला की तो चिकट होऊन एकमेकांना धरतो. सीख कबाबाला ते हवंच असतं, आपल्याला मोकळे कण हवेत. कच्च्या पपईचा गरही नको. मटणाच्या मोठ्या तुकड्यांना ती ठीक, चिकनच्या खिम्याचा दहा मिनिटांत लगदा करून टाकते.

भाज्या सगळ्या मिळून चिरल्यावर अर्ध्या किलोच्या जवळपास हव्यात: एक मध्यम गाजर, दहा-बारा फरसबीच्या शेंगा, एक मोठी सिमला मिरची, एक लहान नवलकोल आणि पातीच्या कांद्याच्या चार-पाच काड्या. नवलकोल कुणी या पदार्थात घालत नाही, मी आग्रहाने घालते. चिनी पद्धतीच्या अशाच पदार्थात वॉटर चेस्टनट कुरकुरीतपणासाठी घालतात. आपल्याकडे हिवाळ्यात ताजे शिंगाडे मिळतात. ती वनस्पती वेगळी, पण सोलून चिरलेला शिंगाडा तेच काम करतो. शिंगाड्यांचा हंगाम संपला की नवलकोल. शिजूनही तो करकरीत राहतो आणि स्वतःची चव लादत नाही.

गाजर किसू नका. खिसणीवर भाजीच्या पेशी फाटतात आणि पाणी तिथेच सुटायला लागतं. चॉपरच्या बोथट पात्यांनीही तेच होतं. धारदार सुरी किंवा विळी घ्या आणि सगळ्या भाज्या मटाराच्या दाण्याएवढ्या चिरा. फरसबी त्याहून थोडी बारीक. सिमला मिरचीच्या आतला पांढरा गर आणि बिया पूर्ण काढा. गोठवलेले मटार किंवा मक्याचे दाणे घालायचे झाले तर आधी पूर्ण वितळवून फडक्यावर कोरडे करा. बर्फाच्या कणांनी त्यांच्या पेशी आधीच फुटलेल्या असतात, म्हणून ते ताज्यापेक्षा जास्त पाणी सोडतात. मशरूम आवडत असतील तर त्यांना वेगळी फेरी द्यावी लागते, पाणी सुटून ते आटून पुन्हा तेल दिसेपर्यंत. घाईच्या दिवशी मी ते टाळते. टोमॅटो आणि साधा कांदा मात्र अजिबात नकोत. केचप आणि सोया सॉसही नकोत, कारण तीही शेवटी पाण्याचीच भर, आणि केचपमधली साखर तव्यावर जळते ती वेगळीच.

वाटण हिरवं ठेवा. जेवणात तांबडा रस्सा आहे, म्हणजे कांदा-लसूण मसाल्याची चव पुढे भरपूर येणार आहे. तीच चव आधी दिली तर रश्शाची मजा जाते. गोव्यात काफ्रेआल या चिकनच्या पदार्थासाठी कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण आणि मिरी-दालचिनी-लवंगेचं वाटण करतात, त्याच वळणाचं पण कोरडं वाटण आपण करू. एक लहान जुडी कोथिंबीर, कोवळ्या काड्यांसकट. तीन-चार हिरव्या मिरच्या, आठ-दहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, आठ-दहा मिरी, अर्धा छोटा चमचा जिरं, दोन लवंगा, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. कोथिंबीर धुऊन सकाळीच पंच्यावर पसरून ठेवा, म्हणजे दुपारपर्यंत कोरडी होते. आधी कोरडे मसाले खलबत्त्यात कुटा, मग लसूण-आलं-मिरची, शेवटी कोथिंबीर. मिक्सरला लावायचं तर थांबत थांबत फिरवा आणि पाण्याचा थेंबही घालू नका. पातं फिरत नसेल तर चमचाभर तेल घाला. चटणीसारखं गुळगुळीत व्हायला नको, भरड हवं. लिंबू आत्ता घालायचं नाही.

वाट्यांसाठी दोन लहान, घट्ट कोबीचे गड्डे घ्या. आइसबर्ग लेट्यूस मिळत असेल तर त्याच्या वाट्या दिसायला देखण्या होतात, पण ते सगळीकडे मिळत नाही आणि उष्ण हवेत पटकन मरगळतं. कोबी कुठेही मिळतो आणि गरम सारण भरलं तरी तग धरतो. गड्ड्याचा दांडा टोकदार सुरीने खोल कोरून काढा आणि तो खड्डा नळाच्या धारेखाली धरा. पाणी पानांच्या मधे शिरतं आणि पानं न फाटता एकेक सुटतात. बाहेरची दोन-तीन जाड पानं बाजूला ठेवा. आतली तळहाताएवढी पानं तशीच चालतात. मोठ्या पानांवर वाटी उपडी ठेवून गोल कापून घ्या, एका पानात दोन निघतात. पावसाळ्यात कोबीत अळ्या असतात, तेव्हा पानं मीठ-हळदीच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा.

कच्च्या कोबीला जो उग्र वास असतो तो घालवायला उकळत्या मिठाच्या पाण्यात पानं फक्त वीस सेकंद बुडवा, लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. पान हिरवट चमकदार होतं, लवचीक होतं, पण करकरीतपणा राहतो. मग प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी पुसा. कंटाळवाणं काम आहे, घरातल्या मोठ्या मुलांना द्यायला उत्तम. ओली पानं ठेवलीत तर इतका वेळ पाण्याशी केलेलं भांडण फुकट गेलं.

उडदाच्या पापडाच्या वाट्याही करता येतात. पापड विस्तवावर भाजून गरम असतानाच वाटीवर दाबायचा. चार-पाच सेकंदांत आकार धरतो. चवीला झकास लागतात. पण सारण भरल्यावर पाच मिनिटांत मऊ पडतात, आणि गप्पांच्या नादात पाहुणे लगेच उचलतीलच असं नाही. चार माणसं असतील तर पापड करा, बारा असतील तर कोबी.

तवा लोखंडी किंवा बीडाचा, शक्य तितका रुंद. खोल कढईत वाफ अडकते, पसरट भांड्यात ती निघून जाते. नॉनस्टिक तवा इतक्या मोठ्या आचेवर रिकामा तापवू नये, म्हणून तो नको. तवा मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं तापू द्या. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो क्षणात उडाला पाहिजे. एक मोठा चमचा तेल, त्यावर गाजर आणि फरसबी, दोन मिनिटं. मग नवलकोल आणि सिमला मिरची, आणखी दीड मिनिट. शेवटी पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, अर्धं मिनिट. मीठ नाही. भाज्यांना कडेने एखादा डाग पडला तर फार छान. लगेच परातीत काढून पसरा. ढीग केला की आतल्या वाफेने त्या शिजत राहतात.

यातला पाव हिस्सा शाकाहारी मंडळींसाठी काढून घ्या. त्यांच्यासाठी दीडशे ग्रॅम पनीर फडक्यात दाबून पाणी काढून हाताने कुस्करा, लहान कढईत वेगळं परता, वाटणाचा एक मोठा चमचा घाला, या भाज्या मिसळा, मीठ, लिंबू, झालं. वाटणही चिकनला हात लावायच्या आधी काढून घ्या. कलथा वेगळा, भांडं वेगळं, आणि टेबलावर त्या ताटलीचा चमचाही वेगळा.

आता चिकन. तवा पुन्हा चांगला तापवा, पाऊण मोठा चमचा तेल घाला आणि खिम्याचा निम्माच भाग टाका. अर्धा किलो एकदम टाकला तर घरचा बर्नर त्याला पुरा पडत नाही, तवा थंड होतो आणि पाणी सुटतं. खिमा कलथ्याने तव्यावर थापल्यासारखा पसरा आणि हात मागे घ्या. पुढची दीड-दोन मिनिटं ढवळायचं नाही. हे सगळ्यांना जड जातं. आपल्याला सतत हलवत राहण्याची सवय असते, पण हलवलं की खालचा तापलेला भाग वर येतो आणि रंग येतच नाही. खालून तपकिरी झाला की उलटा, कलथ्याच्या कडेने फोडून मोकळा करा, आणखी दोन मिनिटं.

आवाजाकडे कान ठेवा. तडतड, चरचर येत असेल तर सगळं ठीक आहे. आवाज खाली येऊन बुदबुद, खदखद ऐकू आली तर पाणी सुटलंय. अशा वेळी आच कमी करू नका आणि झाकण तर मुळीच ठेवू नका. खिमा म्हटला की झाकणावर पाणी ठेवून वाफ काढायची आपल्या घरांतली रीत आहे. रोजच्या खिमा-मटारला ती योग्यच, इथे तिने सगळं ओमफस होईल. खिमा तव्याच्या कडांना सारा, मधे जमलेलं पाणी मोठ्या आचेवर आटू द्या, मग पुन्हा मधे ओढा. पहिली खेप ताटात काढा, तवा पुन्हा तापवा, पुन्हा पाऊण चमचा तेल, दुसरी खेप. चिकन आतून 74 अंशांपर्यंत पोचायला हवं. इतक्या बारीक कणांना मोठ्या आचेवर त्याला वेळ लागत नाही, पण जाडसर गोळे राहिले असतील तर ते फोडून आत कुठे गुलाबी नाही ना हे नक्की बघा.

दुसरी खेप तव्यावरच असताना पहिली तिच्यात परत घाला. मधे जागा करून उरलेलं हिरवं वाटण टाका आणि फक्त अर्धं मिनिट परता. लसणाचा कच्चा वास जायला तेवढं पुरतं. जास्त परतलंत तर कोथिंबीर काळपट पडते. मग भाज्या. एक छोटा चमचा मीठ, पण आधी पाऊण घालून चव बघा. दोन-तीनदा वरखाली करून गॅस बंद. गॅस बंद झाल्यावर एका लिंबाचा रस, पातीचा हिरवा भाग आणि तीन मोठे चमचे भरड कुटलेले भाजलेले शेंगदाणे. शेंगदाण्यांनी चव येते हे खरंच, पण ते उरलासुरला ओलावाही शोषून घेतात. इथे बारीक कूट घातलं तर सारण पिठूळ होतं, म्हणून दाण्याचे दोन-चार तुकडे दिसतील इतकंच कुटा.

अर्धा किलो खिमा शिजून पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास राहतो. भाज्या आणि दाणे धरून सगळं मिळून साडेसातशे ग्रॅम. एका पानात मोठा दीड चमचा, म्हणजे साधारण वीस ग्रॅम भरलं तर पस्तीसएक वाट्या होतात. तुमचे मांसाहारी नऊ, माणशी तीन धरल्या तरी थोडं उरतं. याहून जास्त करू नका. पुढे रस्सा आहे, भाकरी आहे, भात आहे. स्टार्टरनेच पोट भरलं तर सकाळपासून खपून केलेल्या रश्शाला कोण विचारणार?

त्या दिवसाची आखणी अशी करा. सकाळी भाज्या चिरून कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये. पानं उकळत्या पाण्यातून काढून, पुसून, फडक्याच्या घड्यांत फ्रिजमध्ये. दुपारी वाटण. आधी भाज्यांची चिराचिरी आणि मग चिकन, हा क्रम मोडू नका, म्हणजे चिकनच्या पाटावर भाजी यायचा प्रश्नच येत नाही. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी भाज्या परतून परातीत पसरा आणि खिम्याच्या दोन खेपाही करून ताटात पसरून ठेवा. पहिला ग्लास सरबत किंवा सोलकढी दिली की मगच तवा तापवून वाटण, खिमा, भाज्या एकत्र करा. तीन मिनिटांचं काम. पानं आणि सारण वेगवेगळं मांडा, ज्याने त्याने आपलं भरून घ्यावं. आधी भरून ताटं सजवली तर फोटो चांगला येतो, पण दहा मिनिटांत पानांच्या तळाशी ओल दिसते.

सारण बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. नागपूर-अकोल्याकडचा एप्रिल-मे असेल, खोलीत 32 अंशांच्या वर तापमान असेल, तर एकच तास. निम्मं सारण टेबलावर ठेवा आणि उरलेलं फ्रिजमध्ये; लागेल तेव्हा तव्यावर खणखणीत गरम करून आणा.

मटणाचं काय, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. बोकडाचा खिमा या पद्धतीने वीस मिनिटांत होत नाही. त्याला आधी कुकरमध्ये पाणी न घालता, स्वतःच्याच रसात, दोन शिट्ट्या द्याव्या लागतात, मग रुंद कढईत रस पूर्ण आटवायचा आणि तिथून पुढे वरच्यासारखं. म्हणजे झटपट राहिलं नाही. पण तुमच्याकडे पांढरा रस्सा आहेच, म्हणजे मटण मीठ-हळद लावून शिजवणार आणि त्याचं अळणी, म्हणजे बिनमसाल्याचं, पाणी रश्शाला वापरणार. त्या शिजलेल्या मटणातले तीन-साडेतीनशे ग्रॅम मऊ, बिनहाडाचे तुकडे बाजूला काढा. निवल्यावर हाताने रेषा सोडवा, फडक्यावर कोरड्या करा आणि तव्यावर चमचाभर तेलात कडा कुरकुरीत होईपर्यंत परता. त्यात वेगळ्या परतलेल्या भाज्या आणि वाटण. मांस आधीच शिजलेलं असल्यामुळे पाणी सुटण्याचा धोका जवळजवळ नाही, आणि खाटकाकडे वेगळी फेरी नाही. मला विचाराल तर तुमच्या बेताला हेच जास्त शोभेल. चिकन तेव्हाच करा जेव्हा पाहुण्यांत मटण न खाणारे असतील. कोळंबी घ्यायची झाली तर बारीक सोललेली, अगदी कोरडी करून, मोठ्या आचेवर जेमतेम दोन मिनिटं; वळून गोल झाली की थांबायचं.

परदेशात राहणाऱ्या तुमच्या बहिणीलाही हे करायचंय म्हणालात. तिच्याकडे विजेची शेगडी असेल तर बीडाचा तवा आठ-दहा मिनिटं तापू द्यावा लागेल, आणि खिमा दोनऐवजी तीन खेपांत परतावा लागेल. तिथे टर्कीचा खिमा मिळतो, तो चालतो, पण अगदी बिनचरबीचा घेऊ नये.

एअर फ्रायर विकत घेण्याचा विचार या पदार्थासाठी करू नका, मोकळ्या खिम्याला त्याचा काही उपयोग नाही.

उरलेलं सारण रात्री लगेच फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा. कोबीची ती बाजूला ठेवलेली बाहेरची पानं बारीक चिरा, त्यात हे सारण, दोन अंडी, मूठभर बेसन, थोडं ओलं खोबरं आणि मीठ घालून जाडसर कालवा. जाड बुडाच्या पॅनमध्ये तेल सोडून दीड-दोन बोटं जाडीचं थापा आणि झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी लालसर भाजा. सीकेपी घरांत कोबी-कोळंबीचं भानोलं करतात, साधारण त्याच वळणाचं होतं. आणि इथे झाकण ठेवायला काहीच हरकत नाही, कोबीचं पाणी बेसनाला हवंच असतं.